पब पुन्हा उघडताना

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार चालवणारा अल्पवयीन मुलगा पबमधून निघाला होता, असं पोलिसांनी सांगितलं. मग उत्पादन शुल्क खात्याने शहरातल्या अनेक पबना सील ठोकलं. असे पब पुन्हा उघडावेत का, यावर रहिवाशांचं एकमत नसतं. वेटर, पानवाला, रिक्षावाला यांचं पोट त्यावर चालतं. तरुणांना रात्री चार घटका बसायला जागा हवी, त्यात गैर काही नाही.

तक्रार दारूची कमी, दीडनंतरच्या गल्लीची जास्त. हॉर्न, भांडणं, फाटकापुढे लावलेल्या गाड्या आणि भिंतीचा आडोसा. (त्याबद्दल रेडिओवर अधिक बोलत नाही!) २०००च्या ध्वनिनियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. गच्चीवरचा ठेका ती सहज ओलांडतो. आणि दाराबाहेरचा गोंधळ तर मालक आपला मानतच नाही.

मला वाटतं, सील काढण्याआधी मालकाकडून लिहून घ्यावं: गच्चीवर संगीत नाही, गाड्या आवारातच, आणि पहाटे दोनलाही फोन उचलणारा माणूस. ते लिहिताना शेजारच्या सोसायट्यांनाही बोलवावं.