श्वानदंश आणि मेंदू



पोटांत टोचावयाच्या चौदा इंजेक्शनांचें भय शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील वडीलधाऱ्यांच्या मनांतून अद्याप गेलेलें नाहीं. तें निराधार नव्हतें. कसौली येथें १९११ सालीं डेव्हिड सेंपल यांनीं सिद्ध केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे. तिनें अनेकांचे प्राण वाचविले. परंतु क्वचित् शरीराची रक्षकशक्ति स्वतःच्याच मज्जातंतूंस शत्रु समजे, मेंदूचा दाह होई व पक्षाघात येई. द्वारपाळच घरावर उठे! २००४ सालीं भारतांत तिचें उत्पादन बंद झालें. आजच्या लशींत मेंदूचा अंश नसतो. ती दंडांत टोचतात. यास्तव भगताकडे न जातां जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा व त्याच दिवशीं सरकारी रुग्णालय गांठा. लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय बहुधा उरत नाहीं.