दाहलेममधले मोजमाप

परदेशी शिक्षणाच्या कहाण्या आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. त्यांत बंदरावरचा निरोप असतो, पहिला बर्फ असतो आणि शेवटी हारतुरे असतात. मधली वर्षे बहुधा एका वाक्यात उरकली जातात. गुरूने हातात काय ठेवले आणि विद्यार्थ्याने त्याचे काय केले, हे त्या वाक्यात येत नाही. आज मला त्या मधल्या वर्षांबद्दलच बोलायचे आहे आणि त्यासाठी एकच विद्यार्थिनी घेतली आहे: इरावती कर्वे.

‘युगान्त’ लिहिणाऱ्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या इरावतीबाई आपल्या ओळखीच्या आहेत. १९२८ मध्ये बर्लिनला पोचलेली, तेविशीच्या आसपासची मुलगी मात्र आपण फारशी पाहिलेली नाही. मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्यांकडे समाजशास्त्रात एम. ए. करून ती तिथे गेली होती. परदेशी विद्या तिला घरात नवी नव्हती. ज्या परांजप्यांच्या घरी ती वाढली तिथले रँग्लर परांजपे केंब्रिजचे. पती दिनकर कर्वे यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट लाइपझिगहून आणलेली. तरीही विरोध झाला आणि तोही घरातूनच. सासरे धोंडो केशव कर्वे यांना सुनेचे जाणे पसंत नव्हते. विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्यांनाच हे नको होते, ही गोष्ट मला अजून टोचते. महर्षींबद्दलचा माझा आदर तिने कमी होत नाही. पण मोठ्या सुधारकाच्या घरातल्या बाईलाही पुढची पायरी स्वतःच चढावी लागते, एवढे त्यातून दिसते. दिनकरराव पत्नीच्या बाजूने ठाम उभे राहिले. पैसा उसना घेतला. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, त्यांनी कर्ज दिले.

कर्ज काढून गेलेल्या विद्यार्थ्याचे मन कसे असते, हे या सभागृहातल्या अनेक पालकांना ठाऊक असेल. चुकायला सवड नसते. विषय बदलायला, मार्गदर्शकाशी बिनसवून घ्यायला, एखादे सत्र वाया घालवायला परवानगी नसते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे जे घडले त्याची किंमत त्यावरूनच कळते.

बर्लिनच्या नैर्ऋत्येला दाहलेम नावाचे उपनगर आहे. बंगले, झाडी आणि त्यांच्यामध्ये एकाहून एक नामांकित संशोधनसंस्था. भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर त्या दिवसांत तिथल्याच रसायनशास्त्राच्या संस्थेत काम करत होत्या. याच दाहलेममध्ये १९२७ च्या सप्टेंबरात मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मनांच्या ताब्यातल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, रेहोबोथ इथल्या मिश्रवंशीय लोकांवर त्यांनी काम केले होते आणि वंशमिश्रणाविरुद्धचा त्यांचा निष्कर्ष त्यांच्या कीर्तीचा पाया होता. त्या काळी हा माणूस विक्षिप्त समजला जात नव्हता. आपल्या विषयातला तो सर्वमान्य अधिकारी होता. पुण्याहून आलेल्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठा गुरू बर्लिनमध्ये मिळाला नसता.

गुरूने विषय दिला तो असा. माणसाच्या कवटीचे उजवे-डावे अंग तंतोतंत सारखे नसते. फिशर यांची धारणा होती की गोऱ्या युरोपीय माणसात ही असमानता ठळक असते, मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि त्याच्या तर्कबुद्धीचे मूळ तिथे आहे. इतर वंशांत तसे नाही. ते मोजून दाखवायचे होते.

अशा कामाचे स्वरूप थोडे समजून घेऊ. कवटी समोर ठेवली की आधी तिची मध्यरेषा ठरवायची, नाकाच्या मुळापासून टाळूवरून थेट मागपर्यंत. मग रेषेच्या एका अंगाची अंतरे घ्यायची: डोळ्याच्या खोबणीची कड, गालाचे हाड, कानाचे छिद्र. कॅलिपरची टोके टेकवायची, मिलिमीटर वाचायचे, वहीत लिहायचे. मग तेच दुसऱ्या अंगाला. हात किंचित सरकला तर आकडा बदलतो आणि आकडा जो हवा आहे त्या बाजूला सरकण्याची ओढ हातालाही असते. आपल्याला काय सापडायला हवे आहे हे आधीच माहीत असलेल्या खोलीत बसून प्रामाणिकपणे मोजणे फार अवघड काम आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या.

निष्कर्ष निघाला तो असा की असमानता सगळीकडे आहे आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. प्रबंधात त्यांनी तेच लिहिले. त्यात घोषणा नव्हती की आवेश नव्हता. फिशर यांनी प्रबंध नाकारला नाही, पण उत्तीर्ण होण्यापुरती सर्वांत खालची श्रेणी दिली.

मला या प्रसंगात धाडस दिसते ते अगदी साध्या जागी. एखादा तक्ता जरा वेगळा मांडता आला असता. एखादे सावध वाक्य घालून गुरूचे मन राखता आले असते. पदवी अडली असती तर कर्ज घेऊन गेलेली सून रिकाम्या हाताने घरी आली असती आणि ज्यांनी नको म्हटले होते त्यांचे म्हणणे खरे ठरले असते. सरकारशी लढणारा विद्यार्थी आपल्याला चटकन भावतो. ज्याच्या सहीवर आपले भवितव्य टांगले आहे त्याच्यासमोर खरा आकडा ठेवणारा विद्यार्थी आपल्या नजरेतून निसटतो.

त्या १९३० मध्ये परतल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरातल्या निवडणुकीत नाझी पक्षाच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या. राममनोहर लोहिया तेव्हा बर्लिनच्याच विद्यापीठात होते आणि पुढे काय झाले ते त्यांनी तिथे राहून पाहिले. १९३३ मध्ये फिशर त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४२ मध्ये संस्था ओटमार फॉन फेर्शुअर यांच्याकडे गेली आणि त्यांचा शिष्य योसेफ मेंगेले ऑशविट्झच्या छळछावणीतून त्यांच्या संस्थेकडे मानवी अवयव पाठवू लागला. त्या इमारतीत, इहनेस्ट्रासे २२ मध्ये, पुढे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आला. २०१४ मध्ये जवळच खोदकाम चालू असताना माणसांची हाडे निघाली. ती २०२३ मध्ये दाहलेमच्याच दफनभूमीत पुरली गेली.

म्हणून एक अवघड प्रश्न मला टाळता येत नाही. ज्या कवट्या मोजून वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडला गेला, त्या तिथे आल्या कशा? वसाहतींच्या काळात जर्मन अधिकारी, डॉक्टर आणि प्रवासी यांनी आफ्रिकेतून हजारो कवट्या बर्लिनला धाडल्या होत्या. त्यांत थडगी उकरून आणलेल्या होत्या आणि मारल्या गेलेल्यांच्याही होत्या. आईवडिलांनी नाव ठेवलेली ती माणसे होती. मोजमाप करणाऱ्या हाताचा प्रामाणिकपणा त्यांना न्याय देत नाही. बर्लिनमध्ये आता पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कवट्यांचा शोध घेऊन टांझानियातले वंशज हुडकण्याचे काम झाले आहे आणि ते व्हायलाच हवे होते.

इरावतीबाईंनी बर्लिनचे हत्यार टाकून दिले नाही. महाराष्ट्रात त्या वर्षानुवर्षे माणसांची मोजमापे घेत हिंडल्या, गावोगाव, जातीजातींतून. आजचे अनेक अभ्यासक यावर बोट ठेवतात आणि शरीराच्या मापांवरून समाज समजतो ही श्रद्धाच फिशरच्या शाळेतली होती, असे म्हणतात. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण त्या मापांतून त्यांनी काय काढले तेही पाहिले पाहिजे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती एकाच मुळातून फुटलेल्या असतात असे घुर्ये मानत. इरावतीबाईंनी दाखवायचा प्रयत्न केला की एका नावाखालचे, आपापसांतच लग्ने करणारे गट मुळात वेगवेगळे असू शकतात. १९६१ च्या त्यांच्या हिंदू समाजावरच्या इंग्रजी पुस्तकात हा वाद उघड आहे. म्हणजे मुंबईच्या गुरूशीही त्यांचे पटले नाही आणि तेही त्यांनी छापून सांगितले.

या वर्षी ज्यांची मुले-मुली म्युनिक, मेलबर्न, टोरांटोला निघाली आहेत, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. फोनवर जेवलास का, थंडी किती आहे, हे जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा की तुझे सर तुझ्याकडून काय सिद्ध करून घेऊ पाहतात आणि तुझ्या वहीत काय निघते आहे. दोन्हींत फरक पडलेला ऐकू आला तर हप्त्यांची काळजी त्या दिवशी बोलून दाखवू नका.