भोवळ आणि अर्धशिशी

नगर शहराच्या पूर्वेस डोंगरावर जी अष्टकोनी इमारत दुरून दिसते, तिला सारे लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः तो महाल नव्हे, आणि चांदबिबीचा तर नव्हेच. मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. पण एकदां पडलेलें नांव सुटत नाहीं. आज ज्या व्याधीविषयीं बोलावयाचें आहे, तिचीही गत अशीच झाली आहे. घरांतील एखाद्या बाईला घेरी येते, अन्न नकोसें होतें, उजेड सोसत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात पित्त झालें, शेजारीण म्हणते अशक्तपणा. आणि हल्लीं तर मानेचे मणके झिजले असें ठरवून गळ्यांत पट्टा बांधण्याचीही रीत पडली आहे. मूळ विकार मात्र पुष्कळदां अर्धशिशी हाच असतो. तो ओळखूं येत नाहीं, कारण अर्धशिशी म्हटली कीं डोकें दुखलेंच पाहिजे, अशी आपली समजूत.

कानाचें काम केवळ ऐकण्याचें, ही तशीच दुसरी समजूत. अंतःकर्णांत शंखाकृति भागाला लागून तीन अर्धवर्तुळाकृति नलिका आहेत व त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. मान वळली कीं नलिका वळते, द्रव क्षणभर मागें राहतो, त्यानें आंतील सूक्ष्म केस वांकतात आणि मेंदूला वर्दी पोंचते. जवळच्याच दोन पिशव्यांत चुनखडीचे अतिसूक्ष्म कण असतात. आपण उभे आहों कीं आडवे, हें त्यांच्या भारावरून कळतें. डोळे आणि पायांचे तळवे हे आणखी दोन साक्षीदार. साऱ्यांची जबानी जुळली म्हणजे तोल राहतो. संगमनेरजवळ चंदनापुरीच्या घाटांत एस. टी. वळणें घेत असतां एखादा मुलगा पुस्तक वाचीत बसला, तर कान सांगतात कीं आपण फिरत आहों, आणि डोळे सांगतात कीं अक्षरें स्थिर आहेत. या विसंगतीनेंच त्याला मळमळतें. अर्धशिशीच्या माणसांना हा प्रवासाचा त्रास इतरांहून अधिक होतो.

या नात्याचें मूळ मेंदूच्या बुडाशीं आहे. तोल सांभाळणारीं केंद्रें आणि डोक्याच्या वेदना वाहून नेणाऱ्या त्रिशाख मज्जातंतूचीं केंद्रें यांचे धागे तेथें परस्परांत गुंतलेले आहेत. याच तंतूच्या शाखा अंतःकर्णाच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही जातात. एका घरची खळबळ दुसऱ्या घरांत शिरावी, यांत आश्चर्य तें काय? सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अर्धावभेदकाचें वर्णन करतांना अर्ध्या डोक्याच्या ठणक्याबरोबर भ्रम, म्हणजे घेरीही सांगितली आहे. पॅरिसचे डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनीं १८६१ सालीं घेरीचें मूळ अंतःकर्णांत असूं शकतें असें मांडलें, तेव्हां अशा रोग्यांत अर्धशिशी आढळते हें त्यांच्याही नजरेंतून सुटलें नव्हतें. तरी या जोडव्याधीची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरावयास २०१२ साल उजाडावें लागलें! तीप्रमाणें घेरी ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकते. निदान ५ झटके आलेले आणि अर्धशिशी पूर्वीं केव्हां तरी झालेली अथवा चालू असावी लागते. आणि निम्म्या तरी झटक्यांत डोकेंदुखी, किंवा उजेड व आवाज दोन्ही असह्य होणें, किंवा डोळ्यांपुढें नागमोडी चमक, यांपैकीं कांहीं तरी असतें. प्रत्येक घेरीबरोबर डोकें दुखलेंच पाहिजे असें नाहीं.

म्हणून डॉक्टरांकडे जाऊन केवळ चक्कर येते एवढेंच सांगूं नये. ती किती वेळ टिकली, तें सांगावें. कुशीवर वळतांना घर गरकन फिरतें आणि मिनिटभराच्या आंत थांबतें, तर बहुधा ते चुनखडीचे कण नलिकेंत शिरलेले असतात. डॉक्टर डोकें ठराविक रीतीनें वळवून ते जागीं आणतात व औषधाची गरज बहुधा पडत नाहीं. २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत घेरी राहिली, त्याबरोबर कानाला दडा बसला, गुणगुण झाली आणि ऐकूं कमी आलें, तर मेनिएरच्या विकाराची शंका घ्यावी. मात्र अर्धशिशीच्या माणसाला हे दोन्ही विकारही इतरांहून अधिक जडतात, तेव्हां एकाच बाईला दोन दुखणीं असणें शक्य आहे.

सर्वांत दुःखाची गोष्ट अशी कीं, अर्धशिशीच्या घेरींत मेंदूचें चित्र आणि कानाची तपासणी बहुधा निर्दोष येते, आणि मग घरांत 'ढोंग' हा शब्द निघतो. हा अन्याय आहे, आणि तो सुशिक्षित घरांतही घडतो. दुसरीकडे चक्कर थांबविणाऱ्या गोळ्या महिनेन्‌महिने चालू राहतात. त्या चार दिवस ठीक. पुढें मेंदूच्या स्वतः सांवरण्याच्या क्रियेलाच त्या अडथळा करतात, आणि त्यांतील कांहींनीं तर हातपायांना कंपही सुटतो. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेतल्यास त्याच डोकेंदुखी निर्माण करतात. झटके वारंवार येत असल्यास ते कमी करणारीं निराळीं औषधें आहेत. तीं डॉक्टरांनींच ठरवावींत. जागरण आणि फार वेळ उपाशीं राहणें यांनीं झटका येतो. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रितें ठेवणाऱ्या बाईनें दुपारीं फराळाचें कांहीं खाल्लें, तर घरच्या वडीलधाऱ्यांनीं तिला बोल लावूं नये.

आतां एक अपवाद. घेरी अकस्मात येऊन जीभ जड झाली, तोंड वांकडें झालें, एकाचीं दोन दिसूं लागलीं, उभें राहतां येईना, किंवा जन्मांत कधीं झाली नव्हती अशी डोकेंदुखी उठली, तर ती अर्धशिशी समजून स्वस्थ बसूं नये. तो मेंदूंतील रक्तप्रवाहाचा आघात असूं शकतो. अकोले तालुक्यांतील डोंगरवाड्यांतून मोठें रुग्णालय गांठावयास वेळ लागतो. तेव्हां सुंठ उगाळण्यांत तास न दवडतां, १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रोग्याला तत्काळ हालवावें, आणि त्रास किती वाजतां सुरू झाला, तें नेणाऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. डॉक्टर पहिल्यानें तेंच विचारतील.