मेंढरांच्या वाटेने चाललेला पंडित



तासगावात पेशवाईतले सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांचं नाव निघालं की कागद निघतात. गणपतीच्या देवळाचं ते दाक्षिणात्य धर्तीचं गोपुर कोणाच्या काळात उभं राहिलं, हे सांगायला लेखी पुरावा आहे. पण शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यात, आरेवाडीच्या बनात बसलेल्या बिरोबाचं काय? त्याचं सगळं दप्तर धनगरांच्या तोंडी आहे. ते दप्तर ऐकायला जर्मनीहून एक विद्वान आला आणि आयुष्याची बरीच वर्षं त्याने त्यात घातली. गुंथर सोन्थायमर हे त्यांचं नाव. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

युरोपातून येऊन आपल्या भाषेत बुडालेली माणसं पुष्कळ झाली. गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स, १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश देणारे मोल्सवर्थ, मराठीची घडण उलगडणारे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक. त्यांचे उपकार मोठेच आहेत. मात्र या परंपरेतल्या बहुतेकांची वाट पोथी आणि शास्त्री यांच्याकडून जात होती. सोन्थायमर मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर, जाऊन बसले.

त्यांचा जन्म १९३४ चा. मूळ अभ्यास कायद्याचा. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर त्यांचा ग्रंथ आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या साउथ एशिया इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत. कायद्याचा हा माणूस खंडोबा-बिरोबाकडे वळला याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. कायदा शिकलेल्याला साक्षीची किंमत कळते, आणि साक्षीदाराला लिहिता येतं की नाही यावर ती किंमत ठरत नाही, हेही कळतं. अक्षरओळख नसलेला धनगर रात्रभर ओवी सांगतो तेव्हा तो स्वतःच्या कुळाचा, रानाचा, देवाचा इतिहास सांगत असतो, हे सोन्थायमरांनी मनापासून मानलं.

धनगरी ओवी आपल्या भागात कोणाला नवी नाही. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडायचं, ढोल घुमवायचा, काही भाग गायचा आणि मग तीच कथा बोलून पुढे न्यायची. सोन्थायमरांनी अशा ओव्या टेपवर घेतल्या, मेंढरं कोणत्या महिन्यात कुठे असतात ते पाहिलं आणि त्या वाटांवरची देवळं पाहिली. यातून १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ आला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ साली निघाला.

त्यातला एक धागा सांगतो. आपल्याकडे अनेक देवांची एक कथा असते. भक्त म्हातारा होतो, दूरच्या ठाण्यावर जाणं त्याला झेपत नाही. देव म्हणतो, तू पुढे चाल, मी मागे येतो, पण वळून पाहू नकोस. भक्त वळून पाहतो आणि देव तिथेच थांबतो. पुरंदर तालुक्यातल्या वीरच्या म्हस्कोबाला परांडा भागातल्या सोनारीहून कमळाजी नावाच्या धनगराने आणलं, असं परंपरा सांगते. आपण ही भाविक गोष्ट म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. सोन्थायमरांनी तिच्यात स्थलांतराची आठवण पाहिली: देव ज्या वाटेने आला, त्या वाटेने कधीकाळी माणसं आणि मेंढरं आली होती. भक्त थांबला तिथे वस्ती झाली, रानाचं गाव झालं. अरण्य आणि शेतीची वसलेली भूमी यांच्यातली ही ये-जा त्यांच्या साऱ्या लेखनातून वाहते.

माण, आटपाडी, जत हा आपला दुष्काळी पट्टा त्यामुळे वेगळाच दिसू लागतो. पाऊस कमी म्हणून आपण या मुलखाला मागासलेला म्हणतो. पण याच कोरड्या माळरानाने मेंढपाळांची संस्कृती पोसली. तिला मराठी-कानडीची सीमाही अडवत नाही. इथला बिरोबा कर्नाटकातल्या कुरुबांचा बीरप्पा, जेजुरीचा खंडोबा तिकडे मैलार आणि तेलुगू मुलखात मल्लण्णा. आपला धनगर कर्नाटकातल्या चिंचलीच्या मायाक्काला निघतो तेव्हा तो परप्रांतात चाललो असं मानत नाही.

वेशीवरचे वीरगळही सोन्थायमरांच्या अभ्यासात आले. ष. शेट्टर यांच्यासह त्यांनी संपादित केलेला स्मारकशिलांवरचा ग्रंथ १९८२ साली धारवाडहून निघाला. गाईगुरं वाचवताना पडलेल्या माणसाचा तो दगड आपल्या कितीतरी गावांत शेंदूर लावून उभा आहे, आणि कुठे कुठे गोठ्याच्या पायातही गेला आहे. याचं मला फार वाईट वाटतं.

डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाचा मागोवा गवळी-धनगरांच्या देवापर्यंत नेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि बिरोबा जोडीने नांदतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो विचार परका वाटणार नाही. सोन्थायमरही याच दिशेने चालले होते. पंढरीच्या वारीवर त्यांनी चित्रपटही केला.

१९९२ साली, साठीही गाठली नसताना, ते गेले. टेपवरच्या ओव्या मात्र पडून राहिल्या नाहीत. रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्या साहाय्याने फेल्डहाउस यांनी बिरोबा आणि धुळोबा यांच्या ओव्या इंग्रजीत आणल्या. ते पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झालं.

श्रोतेहो, दिवाळीनंतर तुमच्या शिवारात मेंढरं बसायला येतील, त्यांच्याभोवती वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लागेल. त्या वाड्यावर कोणी जाणता म्हातारा असेल, तर त्याच्या देवाची वाट विचारा. देव कुठून निघाला, कुठे थांबला, कोणत्या नदीला कुठे उतार मिळाला. तो गावांची नावं ज्या क्रमाने सांगेल, त्याच क्रमाने लिहून घ्या. मधलं एखादं नाव ओळखीचं नसलं तरी गाळू नका.