हजेरी आणि उपस्थिती



ज्या सरांनी मला हिशेब शिकविला, त्यांच्याच स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी माझ्या शाळेने मला पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. मी व्यासंगी पंडित नव्हे. पणजीतील एका खासगी आस्थापनेत कारकून म्हणून लागलो आणि शाखाधिकारी होऊन सन २०२३ मध्ये निवृत्त झालो. सरांविषयीची कृतज्ञता आणि माझ्या हातून घडलेली एक चूक, एवढीच शिदोरी घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. घरी गेलेले काम पुन्हा कचेरीत परत येत आहे, या घटनेचा अर्थ काय, हा आजचा माझा विषय.

साथीच्या भयाने माणसांनी आपली जागा सोडावी आणि पुढे त्यांना परत बोलावले जावे, ही गोष्ट आपल्या गोव्याला नवी नाही. जुने गोवे हे एकेकाळी पूर्वेकडील वैभवशाली नगर. परंतु रोगराईने त्याची कंबर मोडली. लोक नगर सोडून जाऊ लागले. १७५९ साली खुद्द व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला, आदिलशहाच्या वाड्यात हलविला. तरीही कागदोपत्री राजधानी जुने गोवे हीच राहिली. पुढे १७७० नंतरच्या दशकात पोर्तुगालचा प्रधान मार्केस द पोंबाल याने त्या ओसाड नगराची पुनर्बांधणी करण्याचा हुकूम सोडला. द्रव्य खर्ची पडले, कामगार राबले आणि रोगाने दगावलेही. परंतु नगर काही पुन्हा वसले नाही. अखेर १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा देणे भाग पडले. वस्तुस्थिती मान्य करायला राज्यकर्त्यांना ८४ वर्षे लागली! ज्या कारणाने माणसे निघून गेली, ते कारण दूर झाल्यावाचून केवळ हुकमाने ती परत येत नाहीत, हा धडा आपल्या दाराशीच पडलेला आहे.

आता आपल्या काळाकडे वळू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि एका रात्रीत घराची पडवी हीच कचेरी झाली. पुण्या-बंगळूरला नोकरीस असलेली आपली मुले संगणक घेऊन गावी परतली. पेडणे तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर दिल्ली-मुंबईची तरुण मंडळी खोल्या भाड्याने घेऊन काम करू लागली. दुसरीकडे, रेंज मिळावी म्हणून डोंगरमाथ्यावर जाऊन धडे गिरविणारी आपल्याच ग्रामीण भागातील मुलेही आपण पाहिली. कोणासाठी ही सुखाची सोय होती, कोणासाठी नाइलाजाची कसरत.

पुढे वारे फिरले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२० मध्ये असे उद्दिष्ट जाहीर केले होते की, २०२५ पर्यंत एका वेळी पंचवीस टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना कचेरीत यावे लागू नये. त्याच कंपनीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्यास सांगितले. अमेरिकेतील ॲमेझॉनने २ जानेवारी २०२५ पासून तोच नियम लागू केला.

या लाटेत माझेही दोन हात होते. २०२२ च्या पावसाळ्यापूर्वी मी एक परिपत्रक काढले : सर्वांनी सकाळी नऊ वाजता आपापल्या मेजावर हजर असावे. वरिष्ठांचा आग्रह होता हे खरे. पण मसुदा माझा होता आणि सहीही माझीच होती.

आमच्या खात्यात पेडण्याच्या अंतर्भागातील एक भगिनी होती. दोन वर्षे तिने घरून खतावण्या सांभाळल्या. महिनाअखेरीचा ताळमेळ एकदाही चुकला नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि लहान मूल. गावातून पेडणे, तेथून म्हापसा, म्हापशाला बस बदलून पणजी, आणि सायंकाळी तोच प्रवास उलट. तिने अर्ज केला, "साहेब, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा द्यावी." मी अर्जावर शेरा मारला, "नियम सर्वांना सारखा." पंधरा दिवसांनी तिचा राजीनामा माझ्या मेजावर आला. तो स्वीकारतानाही मी तिला समोर बसवून एक शब्द विचारला नाही.

याच परिपत्रकाने डिचोलीचा एक तरुणही कचेरीत आला. ऐन टाळेबंदीत नोकरीला लागलेल्या या मुलाने कचेरीचा उंबरठाही पाहिला नव्हता. त्याचे काम चुकांनी भरलेले असे. दूरध्वनीवरून रागावून मी थकलो होतो. तो आला आणि आमच्या वृद्ध हेडक्लार्कच्या शेजारी बसला. कोणती पावती संशयाने पाहायची, कोणत्या व्यापाऱ्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे, चूक सापडली की ती आधी कोणाला सांगायची, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. शेजारी बसून ऐकता ऐकता तो ते शिकला. सहा महिन्यांत त्याची चूक शोधणे मला अवघड होऊ लागले.

एकच परिपत्रक, पण त्याने एकाला घडविले आणि एकीला गमावले. मी दोघांना एकाच मापाने मोजले, ही माझी चूक.

चीनमधील सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम या अर्थशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. नऊ महिने घरून काम करणाऱ्यांची कामगिरी तेरा टक्क्यांनी वाढली. परंतु नंतर निवडीची मुभा मिळताच त्यांतील सुमारे निम्म्यांनी कचेरी पसंत केली. घरचा एकटेपणा त्यांना सोसवेना. त्याच कंपनीत पुढे झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्यावर नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि कामात उणेपणा आला नाही. घर की कचेरी, हा वादच मुळी अपुरा आहे. कोणाला, कोणत्या कामासाठी आणि किती दिवस, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.

येथे मला सरांची आठवण येते. मी मूळचा पेडण्याचा. शिक्षणासाठी बेतीला मामाकडे राहत असे आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडून शाळेत येत असे. आषाढातल्या पावसात फेरीबोट खोळंबे. सर नावे पुकारीत. उत्तर आले नाही, तर ते हजेरीपटावरची चौकट तशीच रिकामी ठेवीत. मधल्या सुट्टीपर्यंत मूल भिजत आले तर खूण करीत. नाही आले, तर संध्याकाळी शेजारच्या मुलाकडे चौकशी करीत, आणि मगच गैरहजेरी मांडीत. मात्र जो मुलगा विनाकारण घरी बसे, त्याच्या दारात सर स्वतः उभे राहत; कारण वर्गात बसून जे मिळते ते घरी मिळत नाही, यावर त्यांची निष्ठा होती. शिस्त आणि विचारपूस या दोन गोष्टी त्यांच्या ठायी कधी भांडल्या नाहीत.

पुढे ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला, तेव्हा मी नवखा कारकून होतो. पलीकडची सारी माणसे फेरीबोटीने कचेरीत येऊ लागली. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी उशिराचा शेरा कोणाला मारला नाही. ते दिवस मला आठवत होते, तरी २०२२ मध्ये मी ते आठवले नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या कोणाच्या तरी हजेरीची नोंद ठेवाल. हजेरी यंत्रही घेते. उपस्थिती मात्र माणसाला माणसाकडून मिळते. माणसे बोलवा, जरूर बोलवा; पण येणाऱ्याला येथे काय मिळणार आहे, हे आधी स्वतःला विचारा. आणि न येणाऱ्याची चौकट भरण्यापूर्वी कारण विचारा.

त्या भगिनीला मी निवृत्तीनंतर भेटून आलो. आता ती गावातच चार दुकानांचे हिशेब पाहते. तिने मला चहा दिला आणि तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. ते मौन मला त्या राजीनाम्याहून जड गेले.