पार्सलमधील भाववाढ

(कर्जत व खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महागाईचा विषय निघाला की चर्चा डाळ, तेल, कांदा आणि गॅस यांच्यावर येते व बहुधा तेथेच थांबते. ते स्वाभाविक आहे. या वस्तूंचे भाव फलकावर लिहिलेले असतात. काल काय होते आणि आज काय आहेत हे कोणालाही सांगता येते. परंतु भाववाढीचा एक प्रकार असा आहे की ज्यात भाव वाढलेला दिसतच नाही. फलकावरचा आकडा तोच राहतो आणि पदार्थ कमी होतो. वडा लहान होतो, पाव हलका होतो, भाताच्या डब्याचा तळ वर येतो, चहाचा पेला अंगठ्याएवढा होतो. गिऱ्हाईक चुकचुकते, ‘पूर्वीसारखे राहिले नाही’ म्हणते आणि पुढे जाते. या चुकचुकण्याकडे आजवर कोणत्याही पक्षाने राजकीय प्रश्न म्हणून पाहिलेले नाही. हॉटेलातल्या पार्सलवर अभ्यासवर्गात व्याख्यान कशाला, असे काही कार्यकर्त्यांच्याही मनात येत असेल. म्हणून प्रथम हा प्रश्न या दोन तालुक्यांत कोणाचा आहे, ते पाहणे योग्य ठरेल.

कर्जत आणि खालापूर हे वाटसरूंना खाऊ घालणारे तालुके आहेत. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाटाचा चढ एवढा उभा की गाडीला मागून इंजिने लावल्याशिवाय ती वर जाईना. त्यासाठी गाड्या कर्जतला थांबू लागल्या आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा उभा राहिला. खालापूर-खोपोलीला हेच काम जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने केले. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर मोटारींचा मोठा प्रवाह नव्या मार्गावर गेला, आणि ढाब्यांच्या जोडीला पथकर नाक्याजवळचे फूड मॉल आले. म्हणजे बांधून दिलेले, हातात घेऊन निघायचे अन्न ही येथे दीडशे वर्षांची जुनी गोष्ट आहे.

परंतु हे अन्न केवळ सहलीला निघालेला मुंबईकर खातो, अशी समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. खोपोलीच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार, कर्जतच्या आसपास उगवलेल्या फार्महाऊसांवरचे गवंडी आणि रखवालदार, पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे नोकरीला जाणारी तरुण मुले, मालमोटारींचे चालक आणि त्यांचे क्लीनर या सर्वांचे दुपारचे किंवा रात्रीचे जेवण पुष्कळदा पार्सलच असते. ज्याच्या घरी पहाटे उठून डबा करणारे कोणी नाही, किंवा ज्याचे घरच दीडशे कोसांवर आहे, त्याला दुसरा मार्ग नसतो. सहलीच्या माणसाला डबा अर्धा निघाला तर त्याचा विरस होतो. गवंड्याला अर्धा निघाला तर तो अर्धपोटी उठतो, अथवा आणखी दोन वडापाव घेतो आणि त्या दिवसाच्या मजुरीतून तेवढे पैसे घरी कमी पाठवतो.

आता यातले अर्थशास्त्र पाहू. समजा, भाताचे ३०० ग्रॅमचे पार्सल १२० रुपयांस मिळत होते. किंमत तीच ठेवून मालकाने भात २४० ग्रॅम केला. वजनात घट झाली २० टक्के. पण दर पाहा. पूर्वी १०० ग्रॅमला ४० रुपये पडत होते, आता ५० पडतात. म्हणजे भाववाढ २५ टक्के झाली. फलकावर १२० चे १५० केले असते तर पहिल्याच दिवशी गल्ल्यावर वाद झाला असता. डब्याचा तळ उचलला तेव्हा कोणी काही बोलले नाही.

बसून खाणाऱ्याला निदान ताट दिसते. आमटी संपली तर तो वाटी पुढे करतो; जुन्या खाणावळीत तर पोटभर वाढणे हाच करार असे. पार्सलचे तसे नाही. ते बंद असते, वरून रबर लावलेले असते, आणि गाडी सुटल्यावर किंवा मोटार दहा मैल पुढे गेल्यावर उघडले जाते. तक्रार करावी तर परत कोण जाणार? विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. वाटसरू पुन्हा येईल याची खात्री नसल्याने त्याला नाराज न करण्याची गरजही उरत नाही. गावातल्या हॉटेलवाल्याला रोजच्या गिऱ्हाइकाची जी भीड वाटते, ती रस्त्यावरच्या धंद्यात नाही. म्हणूनच ही कसर महामार्गावर आणि फलाटावर अधिक सोसते. थंड पेयांची कथा तर विचारूच नये. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात निम्मा बर्फ असतो, आणि बर्फ वगळून मागितला तर रसाचे जादा पैसे पडतात.

थोडे देणे हाच मुळात गुन्हा आहे, असे मात्र येथे सुचवायचे नाही. ‘कटिंग’ चहा पाहा. तो अर्धाच असतो, त्याचे नाव अर्धेपणाची कबुली देते आणि किंमतही त्या मानाने कमी असते. ज्याच्या खिशात पूर्ण चहाचे पैसे नाहीत त्याची ती सोय आहे. कामगारवस्तीने काढलेला हा सरळ आणि चोख व्यवहार आहे. दुसरे उदाहरण याच तालुक्यांतले. उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या तोंडावर ठाकर आणि कातकरी बाया रस्त्याच्या कडेला करवंदे, जांभळे, रानभाज्या घेऊन बसतात. त्या तराजू वापरत नाहीत, वाटे लावतात. पण वाटा उघड्यावर असतो. चार वाटे डोळ्यांसमोर, हवा तो उचला. कायद्याच्या दृष्टीने ते माप नसेल, पण फसवणूक तर नाहीच नाही. आणि येथे एक गोष्ट नमूद केल्याशिवाय राहवत नाही. फूड मॉलमध्ये अर्धा भरलेला डबा मुकाट्याने घेणारा हाच सुशिक्षित प्रवासी घाटाखाली मोटार थांबवून कातकरणीशी आणखी मूठभर करवंदांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालतो. ती मूठ तो मिळवतोही.

मोजून देण्याघेण्याचा झगडा कोकणाला नवा नाही. सावकाराच्या आणि खोताच्या दारी घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे, ही कुळांची जुनी तक्रार होती. १९५८ पासून देशात दशमान वजनेमापे येऊ लागली, निरीक्षक आले, मापांवर शिक्के बसू लागले, तेव्हा कुठे वाण्याच्या तराजूवर काही वचक बसला. आज २००९ चा वैध मापन कायदा आणि २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम लागू आहेत. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा निव्वळ वजन छापावे लागते. ते वजन कारखानदार हळूच कमी करतात हे खरे. पण चष्मा लावून वाचले तर कळते तरी.

मात्र याच नियमांत एक सूट आहे. उपाहारगृहाने वा तत्सम व्यावसायिकाने बांधून दिलेल्या फास्ट फूडच्या पुड्याला हे नियम लागू नाहीत. कागदात गुंडाळलेल्या दोन वड्यांवर छापील पट्टी कशी लावणार, या व्यावहारिक अडचणीतून ही सूट आली असावी, आणि हातगाडीवाल्यापुरती ती समजण्यासारखीही आहे. पण यंत्रावर डबे भरून शेकड्याने विकणारा मोठा व्यवसायही त्याच सुटीच्या छायेत उभा राहतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने २०२२ पासून केंद्रीय परवानाधारक किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांवर पदार्थाचे उष्मांक, वाढण्याच्या प्रमाणासह, फलकावर लिहिण्याचे बंधन घातले आहे. बाकीच्यांना तेही नाही. म्हणजे ज्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून भाताच्या जाती बाहेर पडतात, हेक्टरी किती क्विंटल उतरले याचा चोख हिशेब ठेवला जातो, त्याच कर्जतमध्ये डब्यातला भात किती ग्रॅम आहे हे विचारण्याचा हक्क कोणाला नाही.

सरकारला शिजवलेले अन्न मोजता येत नाही काय? उत्तम येते. २६ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली, तेव्हा तिचे प्रमाण शासनाने ठरवून दिले: ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात. रेल्वेच्या खानपान दरपत्रकात जनता खान्याच्या सात पुऱ्यांचे वजन १७५ ग्रॅम व बटाट्याच्या भाजीचे १५० ग्रॅम ठरवले गेले. साधा चहा १५० मिलिलिटर आणि तो १७० मिलिलिटरच्या पेल्यात द्यावा, इथपर्यंत तपशील आला. प्रत्यक्ष फलाटावर हे प्रमाण नेहमी मिळते असे कोणी म्हणणार नाही. पण तक्रार करायची झाली तर प्रवाशाजवळ एक आकडा असतो. गरिबाला दहा रुपयांत जेवण द्यायचे तेव्हा शासन ग्रॅमचा हिशेब करते, आणि दोनशे रुपये घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे मात्र ग्रॅमची चौकशी करीत नाही, ही विसंगती कशाने समर्थनीय ठरते?

उपाहारगृहांच्या संघटनांचे एक ठरलेले उत्तर असते: आम्ही केवळ वस्तू विकत नाही, सेवा देतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहांना बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकण्याची मुभा दिली ती याच तर्काने. गिऱ्हाईक तेथे बसते, टेबल, पंखा आणि वाढपी वापरते, हे मान्य. पण पार्सल नेणारा बसत नाही, त्याचे ताट विसळावे लागत नाही. उलट डब्याचे पैसे त्याच्याकडूनच वेगळे घेतले जातात. सेवा उणे केल्यावर जे उरते ती वस्तू, आणि वस्तूचे माप मागणे हा ग्राहकाचा साधा अधिकार आहे.

आता या प्रश्नाच्या अधिक गंभीर बाजूकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग-खर्चाच्या प्रश्नावलीत तांदूळ किलोत, तेल लिटरमध्ये नोंदत. पण विकतचा चहा ‘कप’ म्हणून आणि विकतचे जेवण ‘संख्या’ म्हणून नोंदले जाई. कप केवढा, जेवण किती, याला त्या रकान्यात जागा नव्हती. जेथे एकक ‘प्लेट’ असते तेथे प्लेट आकसली तरी नोंदवहीत किंमत स्थिरच दिसण्याचा धोका असतो. कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकावर ठरतो. जी भाववाढ निर्देशांकाच्या जाळीतून निसटते ती कामगाराच्या पोटातून वसूल होते आणि पगारात कधीच परत येत नाही. जसजसा कामगार घरच्या चुलीपासून दूर जातो व विकतच्या जेवणावर अवलंबून राहतो, तसतशी ही गळती मोठी होते. निर्देशांकाचा प्रश्न पंडितांपुरता आहे असे समजू नये. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी निर्देशांक खोटा भाव दाखवतो असे ठणकावून सांगितले, तेव्हा डॉ. डी. टी. लकडावाला यांची तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. कंत्राटी गवंड्याला तर महागाई भत्ताच नाही. त्याची गळती कोणत्याच समितीपुढे जात नाही.

छोट्या विक्रेत्यावर तुटून पडणे हा येथे उद्देश नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. गाडीवर वडे तळणाऱ्या बाईला व्यापारी सिलिंडर, तेल आणि बटाटे यांचे भाव चुकत नाहीत. फलाटावर डोक्यावर टोपली घेऊन धावणारा पोरगा बहुधा कमिशनवर असतो. फूड मॉलमधल्या दुकानाचे भाडे मालक भरतो ते शेवटी डब्याच्या तळातूनच काढतो. जमिनीचे आणि जागेचे भाडे खाणाऱ्याच्या घासात कसे उतरते याचे इतके सोपे उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडणार नाही. खर्च वाढला असेल तर किंमत वाढवा, फलकावर लिहा, वाद होऊ द्या. उघड भाववाढीविरुद्ध मोर्चा काढता येतो. १९७२ साली मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी लाटणे हातात घेतले तेव्हा समोर भावाचा आकडा होता. आकडाच नसेल तर लाटणे कोणावर उगारणार?

म्हणून मागणी मर्यादित आणि नेमकी ठेवावी. ज्यांच्या एकाहून अधिक शाखा आहेत, जे पथकर नाक्याच्या किंवा स्थानकाच्या आवारात सार्वजनिक जागा भाड्याने घेऊन धंदा करतात, त्यांनी प्रत्येक पार्सलचे किमान वजन वा आकारमान किमतीशेजारी मराठीत लिहावे. सार्वजनिक जागेच्या भाडेकरारातच ही अट घालता येईल. त्यासाठी दिल्लीतला नियम बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. हातगाडीला यातून वगळावे. हाताने केलेला पदार्थ ग्रॅमला ग्रॅम जुळत नाही, हा आक्षेप येईल. कारखान्याच्या मालालाही थोडी तूट कायद्याने चालते. तशीच पाच-दहा टक्क्यांची मुभा येथे द्यावी.

तोवर कार्यकर्त्यांनी एक काम हाती घेण्यासारखे आहे. दोन्ही तालुक्यांत शाखा आहेत, आणि साधा स्वयंपाकघरातला काटा महाग नसतो. कर्जत स्थानक, खोपोली बसस्थानक, चौक आणि पथकर नाका अशा चार ठिकाणांहून महिन्यातून एकदा तीच तीन पार्सले घ्यावीत: वडापाव, भाताचा डबा, चहा. वजन, माप, किंमत आणि तारीख वहीत लिहावी. दुकानाचे नाव लिहिण्याची गरज नाही. वर्षभराच्या बारा नोंदी झाल्या की १०० ग्रॅमचा दर काढावा आणि ते टिपण वैध मापन शास्त्राच्या जिल्हा कार्यालयाकडे, तसेच खोपोलीच्या कामगार संघटनांकडे द्यावे. पुढच्या वेतनकराराच्या बोलण्यात ती वही टेबलावर असू द्या.