निवडणे-टिपणे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कचऱ्यावर बोलायचे म्हणजे हळदीकुंकवाच्या तबकात केरसुणी ठेवण्यासारखे आहे, असे कार्यकारिणीतल्या एका बाईंचे म्हणणे पडले. मी म्हटले, लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीच तर पुजतो! तेव्हा विषय मंजूर झाला आणि मी आपल्यापुढे उभी आहे.

तांदूळ, डाळ, गहू निवडायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. खडा आपल्याच माणसांच्या दाताखाली येणार, म्हणून आपण डोळ्यांत तेल घालून निवडतो. कचऱ्यातला खडा मात्र आपल्याला लागत नाही, तो दुसऱ्या कुणाला तरी लागतो. आपल्या पुण्यातला विकाऊ कचरा निवडला जातोच, भगिनींनो. आपण निवडला नाही, तर दुसरी एखादी बाई तो निवडते, आणि ती खरकट्यात हात घालून निवडते. फरक काय तो एवढाच.

या बायका पूर्वी कचराकुंड्यांवर वाकलेल्या दिसत. गोणी पाठीला असली की चोर म्हणून संशय ठरलेलाच. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या बाई त्यांना शिकवायला गेल्या, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की अक्षरांच्या आधी यांना चांगला कचरा मिळणे जरुरीचे आहे. त्यातून बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ साली या कष्टकऱ्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी ठरलेले शुल्क घ्यायचे, आणि सुक्या कचऱ्यात जे विकाऊ निघेल ते त्यांचे. म्हणजे आपण पिशवी कशी देतो यावर एका घराची मिळकत अवलंबून असते. हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

आणि न निवडलेला कचरा कोठे जातो? वर्षानुवर्षे तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तेथल्या विहिरी नासल्या, ढिगांना आगी लागल्या, गावकऱ्यांनी किती वेळा गाड्या अडवल्या. अडवल्या की आपण म्हणायचो, ‘बाई, आज कचऱ्याची गाडी नाही आली!’ त्या गावांतही स्वयंपाकघरे आहेत, हे आपल्या मनात येत नसे.

२०१६ च्या सरकारी नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक असे तीन भाग करायला सांगितले. तेवढे आपण बहुतेकजणी करतो. पण सुका म्हणजे नुसता वेगळा नव्हे. तो खरोखरच सुका हवा. आमटीचा एक वाडगा पिशवीत सांडला, की आठवड्याची रद्दी गेली. ओल्या कागदाचे वजन रद्दीवाला कापून घेतो आणि तेलकट कागद घेतच नाही. कागद करताना जुन्या कागदाचा पाण्यात लगदा होतो. त्यात तेल उतरले की नव्या कागदावर डाग येतात. म्हणून मिठाईच्या खोक्याचे तूप लागलेले बूड वेगळे करावे आणि कोरडे झाकण रद्दीत घालावे.

आता दुधाची पिशवी. ही मी जरा सविस्तर सांगते, कारण ती रोज घरात येते. आपण तिचा कोपरा कापतो आणि तो इवलासा तुकडा मोरीत नाही तर भाजीच्या देठांत जातो. तो कुणाच्याही बोटांनी वेचला जात नाही. खतात जातो, गटारात जातो, गाईच्या पोटात जातो. तेव्हा कात्री पूर्ण चालवू नये. कोपरा पिशवीला लोंबत राहू द्यावा. मग पिशवीत घोटभर पाणी घालून खळबळावी. ते पाणी माझ्या सासूबाई चहाच्या आधणात ओतीत, मीही तेच करते. पिशवी उलटी करून चिमट्याने दोरीला लावली की संध्याकाळपर्यंत वाळते. न धुतलेली पिशवी दुसऱ्या दिवशी इतकी आंबते की तिच्याबरोबरचे बाकीचे प्लास्टिकही हातात धरवत नाही. धुतलेल्या पिशव्यांना भाव येतो. त्या वितळवून त्यांचे दाणे करतात आणि दाण्यांपासून पुन्हा वस्तू होतात.

धुणे म्हणजे नळ सोडून बसणे नव्हे. उन्हाळ्यात पुण्याला पाण्याची काय अवस्था होते ते सांगायला नको. तांदूळ धुतलेले पाणी लोणच्याच्या बरणीला, तेलाच्या डब्याला पुरते. पाण्याची बाटली रिकामी करून चेपावी आणि झाकण तिलाच लावून ठेवावे. झाकण निराळ्या प्लास्टिकचे असते, पण कारखान्यात चुरा करून पाण्यात टाकला की बाटलीचा बुडतो आणि झाकणाचा तरंगतो. ती निवड पाणीच करते.

चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टने मात्र बहुधा कुणी विकत घेत नाही. त्यांत निरनिराळे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की सोडवता येत नाहीत. पुष्कळदा ती सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातात. त्यांवर उपाय दुकानातच करायचा, घरी नाही. चिवडा घरी करणाऱ्या आपल्या मंडळाला हे मी काय सांगावे!

काचेबद्दल आमच्या वाड्यावर येणाऱ्या ताईंना मी विचारले होते. घाणीची आपल्याला सवय झाली आहे, म्हणाल्या, पण काच दिसत नाही आणि हात चिरला की दोन-चार दिवसांची कमाई बुडते. फुटलेला पेला जाड कागदात गुंडाळून, दोरा बांधून, वर ‘काच’ असे लिहून वेगळा हातात द्यावा. घरातल्या पुरुषमंडळींच्या दाढीच्या पात्यांसाठी जुन्या डबीला फट पाडून ठेवावी आणि ती कोठे आहे हे त्यांना निदान तीनदा सांगावे.

एक गोष्ट आपण बायकाही आपसात बोलत नाही. महिन्याच्या अडचणीचे पॅड. ते उघडे टाकलेले असले तर दुसऱ्या बाईला ते हाताने बाजूला सारावे लागते. आपल्या सख्ख्या बहिणीला आपण हे करायला लावू का? वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. ही खूण या कष्टकरी बायकांनीच सुचवलेली आहे. ठिपका दिसला की पुडके न उघडता बाजूला ठेवता येते. मुलींना पहिल्या वेळीच हे शिकवावे. डायपरांनाही हाच नियम.

जुने कपडे बोहारणीला द्यावेत हे मी सांगत नाही, कारण तिच्याशी घासाघीस करण्यात आपल्यापैकी काहीजणींचा हात कुणी धरणार नाही.

राहिले घातक जिन्नस. बॅटऱ्यांचे सेल, पारा असलेले जुने दिवे, मुदत संपलेली औषधे ही सुक्यात घालू नयेत. सेल आणि लहान दिवे यांसाठी मंडळाच्या खोलीत पेटीच्या शेजारी झाकणाचा खोका ठेवला आहे. भरला की कार्यवाह बाई तो महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात पोहोचवतील. लांब नळ्या खोक्यात उभ्या खुपसू नयेत. त्या जुन्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून भिंतीशी आडव्या ठेवाव्यात, आणि भजनाच्या दिवशी तर मुळीच आणू नयेत, कारण त्या दिवशी सतरंजी तेथपर्यंत येते.